तुमच्या नावावर बंद असलेली लाईन

रज्जाकभाई,

त्या दुपारी मांडवगणची लाईन तुमच्या नावावर बंद होती, आणि ती मी तुमचा आवाज न ऐकता चालू केली. साहेब माझ्या शेजारी उभे होते. त्यांची सही झाली होती. लाईनवर कुणी नाही याची खात्री दुसऱ्या दोघा वायरमननी जागेवर जाऊन केली होती. नियमाने सगळं बरोबर झालं. तरी माझा हात स्विचवर होता आणि कान फोनकडे. सगळ्या नोकरीत मी असं कधी केलं नव्हतं. तेव्हापासून मला सारखं वाटतं, की तुम्ही अजून खाली आलेला नाहीत.

आपल्या कामाबाहेरच्या माणसाला हे समजायचं नाही, म्हणून तुम्हाला पाठ असलेलंच पुन्हा लिहितो. वायरमनला खांबावर चढायचं असलं की तो उपकेंद्रात ऑपरेटरला फोन करतो. स्वतःचं नाव सांगतो, लाईनचं नाव सांगतो. ऑपरेटर लाईन बंद करतो आणि स्विचवर ‘माणसे काम करीत आहेत’ अशी पाटी अडकवतो. मग काम संपेपर्यंत गावाने कितीही आरडाओरडा केला तरी ती लाईन चालू होत नाही. ज्याने बंद करायला सांगितली, त्यानेच आपल्या तोंडाने चालू करायला सांगायची. दुसऱ्याचा निरोप चालत नाही. सरपंचाचा नाही, की खांबाशेजारी उभ्या असलेल्या सोबत्याचाही नाही. तो माणूस बोलूच शकत नसेल तर काय करायचं, याचाही नियम आहे. तो मी नोकरीला लागताना वाचला होता. त्यानंतर कधी लागला नव्हता.

तेव्हा मी आवाजावर पोट भरणारा माणूस. आपण आठवड्यातून दहा-बारा वेळा बोलायचो आणि महिन्यातून एखादे वेळी भेटायचो. इतर वायरमन काम संपलं की “चालू करा” म्हणतात. तुम्ही तसं कधी म्हणाला नाहीत. तुम्ही आधी म्हणायचात, “मी खाली आलो, मास्तर.” मग जरा थांबून, “द्या.” मी दर तासाला आकडे लिहायचो म्हणून तुम्ही मला मास्तर केलंत, आणि मग सगळा तालुकाच मला मास्तर म्हणायला लागला. माझं खरं नाव पगाराच्या कागदावरच उरलं.

तुमचं वय मला तुमच्या श्वासावरून कळत गेलं. पूर्वी “मी खाली आलो” म्हणताना तुम्हाला दम जेमतेम लागलेला असायचा. पंचेचाळिशीनंतर तो ऐकू यायला लागला. पुढे तर तुम्ही वाक्य दोन तुकड्यांत म्हणायचात. मग एके दिवशी धाप एकदम गायबच झाली. आवाज सपाट, खुर्चीत बसून बोलल्यासारखा. मी फोन ठेवला आणि मनाशी म्हणालो, रज्जाकभाईंनी चढणं सोडलं. त्याच आठवड्यात कळलं की यवतची रूपाली विद्युत सहायक म्हणून तुमच्या हाताखाली आली होती. खांबावर ती चढायची, खाली तुम्ही उभे. पण फोनवर तुम्ही “मी खाली आलो” म्हणायचं सोडलं नाहीत. मीही विचारलं नाही. म्हटलं, बरं झालं. छप्पन्नाव्या वर्षी माणसाने जमिनीवरच असावं.

नंतरचं मात्र मला उमगलं नाही. चार-पाच महिन्यांत धाप परत आली. एकदा मी विचारलंच.

“भाई, वर कोण होतं?”

“रूपाली.”

“मग धाप तुम्हाला कशी?”

“पोरगी वर चढली की माझा जीव चढतो, मास्तर. द्या लाईन, लोक शिव्या देत्यात.”

मी हसलो आणि लाईन दिली. तुम्हाला बोलण्यात हरवणं मला कधी जमलंच नाही.

ईदला मी तुमच्या घरी आलो तेव्हा भाभींनी शिरखुर्म्याची वाटी माझ्यापुढे ठेवली आणि उभ्या उभ्याच तक्रार मांडली. “मास्तर, ह्येंला तुम्हीच सांगा. माडीवर जाताना मधी दोनदा थांबत्यात. इचारलं तर म्हणत्यात, भिंतीचा रंग बघतोय.”

“रंग उडालाय खरंच,” तुम्ही म्हणालात.

“रंग न्हाई, तुमचं तोंड उडालंय,” भाभी म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या दिवशी आपलं चांगलंच वाजलं. मी म्हणालो, “भाई, लिहून द्या. लाईनवरचं काम झेपत नाही म्हणून डॉक्टरचा कागद जोडा. उपकेंद्रात घेतील तुम्हाला. माझ्याशेजारी खुर्ची टाकू.”

“आन् प्रधान तंत्रज्ञाचं काय? यंदा माझा नंबर हाय. तब्येतीचं लिहून दिलं की नाव मागं जातं.”

“कोण म्हणालं?”

“सगळ्यांना म्हाईत हाय. त्यो पाटसचा एक जण न्हवता का, त्याची बढती ऱ्हायली ती ऱ्हायलीच.”

“नाव काय त्याचं?”

“नाव कशाला पायजे तुम्हाला? आकडा लिहायचाय का?” तुम्ही चिडलात. मग वाटीतला चमचा फिरवत हळू म्हणालात, “मी लागलो तवा खांबाचं खड्डे खणायला लागलो, मास्तर. जाताना तरी…” 

ते वाक्य मी घरी नेलं. अजून ते माझ्याकडेच आहे, अर्धं.

लगेच तुम्ही माझ्यावर उलटलात. दौंडला प्रशिक्षणाची एक जागा रिकामी होणार होती. नवीन पोरांना परमिटचे, म्हणजे लाईन बंद-चालू करायचे, नियम शिकवायचे, जुन्यांची वर्षाला एकदा उजळणी घ्यायची, कोण कुठल्या कामाला धड आहे ते साहेबांना कळवायचं. ज्येष्ठतेने ती माझ्याकडे येणार अशी बोलवा होती. तुम्ही विचारलंत, “आली तर घ्याल?”

“माझी चार वर्षं राहिलीत. आता नवीन कॉम्प्युटर शिका, पोरांपुढे उभं राहून भाषण द्या. कशाला?”

“बघ गं,” तुम्ही आत भाभींना हाक मारलीत, “ह्यो माणूस मला म्हणतोय लिहून दे!” आणि माझ्याकडे बोट करून म्हणालात, “मास्तर, तुम्हाला खुर्चीतनं उठवत न्हाई आन् मला खांबाखालनं हलवत न्हाई. आपलं दोघांचं दुखणं एकच हाय. उगं मला डॉक्टर सांगू नका.”

तुमचं बरोबर होतं. पण माझंही बरोबर होतं. आपण दोघांनी एकमेकांना खरं तेच सांगितलं, आणि दोघांपैकी कुणीच ऐकलं नाही.

आता बसून त्यावर विचार करतो. आपल्याकडे माणूस पन्नाशीच्या पुढे गेला की त्याला दोनच प्रश्न विचारले जातात. किती राहिले? आणि पोरांचं काय? तुम्हाला अजून काय करायचंय, असं कुणी विचारत नाही. काही दिवसांनी आपणही स्वतःला विचारायचं सोडतो. नोकरीची शेवटची वर्षं आपण पावसात आडोशाला थांबल्यासारखी काढतो. तुम्ही तसे नव्हता. तुम्हाला अजून एक पायरी चढायची होती, आणि तेवढ्यासाठी तुम्ही गुडघे लपवलेत, छाती लपवलीत. मला पायरी चढायचीच नव्हती, म्हणून मी माझी चांगली तब्येत लपवत होतो. कोणाचं लपवणं वाईट, ते मला ठरवता येत नाही.

मग ती दुपार. उन्हाळ्याची. उसाला पाणी हवं, मोटारी चालू हव्यात, आणि नेमका वाऱ्याने एक जंप, दोन तारा जोडणारा तुकडा, तुटलेला. तुमचा फोन आला. नाव सांगितलंत, लाईन सांगितलीत. मी बंद केली, पाटी अडकवली. आवाजात काही वेगळं होतं का, हे मी तेव्हापासून आठवतोय. नव्हतं. किंवा असेल आणि मी आकडे लिहीत असेन.

अर्ध्या तासाचं काम. अर्धा तास झाला, त्याच्या वर झाला. गावातून फोन सुरू झाले.

“ओ ऑपरेटर, लाइट कवा येणार?”

“लाईनवर माणूस आहे.”

“कसला माणूस? झोपला का तुमचा वायरमन?”

“झोपलेला असला तरी तो उठून सांगेल तेव्हाच येईल,” मी म्हणालो. ऐटीत म्हणालो, रज्जाकभाई. मला आपल्या नियमाचा अभिमान होता.

मग तुमच्या नंबरवरून फोन आला. मी उचलून म्हणालो, “बोला भाई.” पलीकडे रूपाली होती.

“काका, मामा उठंनात.”

“म्हणजे?”

“मी वरून हाका मारल्या. वाटलं, फोनवर असतील. खाली आले तर लिंबाला टेकून बसलेत. डोळं उघडं हायेत, काका.”

तिला मी काय काय सांगितलं ते मला नीट आठवत नाही. शर्टाची बटणं काढ, रस्त्यावर जाऊन गाडी थांबव, असलं काहीतरी. तिने सगळं केलं. जीप मिळाली, दवाखान्यात नेलं. तोपर्यंत काही उरलेलं नव्हतं. तुमच्या नावाची पाटी मात्र स्विचवर लटकत होती आणि मी तिच्यासमोर बसून होतो. गावाचे फोन येतच होते. साहेब येऊन, जागेची पाहणी होऊन, सगळ्या सह्या होईपर्यंत उन्हं कलली. मग मी ती पाटी काढली. आयुष्यात एवढी जड वस्तू मी उचललेली नाही.

रूपालीने मला दुसऱ्या दिवशी कब्रस्तानाच्या बाहेर एक गोष्ट सांगितली. मी डोक्याला रुमाल बांधून उभा होतो. ती म्हणाली, “काका, मी मामांच्या हातातून फोन घेतला तवा त्याच्यावर तुमचंच नाव होतं. लावलेला नव्हता. नुसतं नाव काढून ठिवलं होतं.”

ती तर अजून वर होती. म्हणजे लाईन चालू करा असं सांगायला तुम्ही ते नाव काढलं नव्हतंत. असलं काम तुम्ही मरतानाही केलं नसतंत. मग मला काय सांगायचं होतं? छातीत दुखतंय? पोरगी वर आहे, तिला सांभाळा? की आपल्या ईदच्या भांडणातलं काही? मी हिशोबी माणूस आहे. जे दिसतं त्यावरून जे दिसत नाही ते काढायची मला सवय आहे. इथे काहीच निघत नाही. अजूनही फोन वाजला की उचलायच्या आधी मी क्षणभर थांबतो. तेवढ्या वेळात तो तुमचा असू शकतो. उचलला की मग नसतो.

तुमच्या चाळिसाव्या दिवसाच्या आधीच दौंडची ऑर्डर निघाली. नकार द्यायला आठवडा होता. मी नकार लिहायला बसलोसुद्धा. आमच्या घरातून विचारणा झाली, “रज्जाकभाई काय म्हणाले असते?” मी म्हणालो, “शिव्या घातल्या असत्या.” ती म्हणाली, “मग त्या खा आणि जा.” आणि कणीक मळायला निघून गेली. मी तो कागद घडी करून ठेवून दिला.

दौंडला हजर झालो त्या दिवशी सगळ्यात आधी आस्थापनेच्या बाईंकडे गेलो. त्या वयाने माझ्याएवढ्याच. मी म्हणालो, “मॅडम, एक विचारायचंय. वायरमनने तब्येतीमुळे चढायचं काम नको म्हणून लिहून दिलं, तर त्याची पदोन्नती मागे जाते का?”

“नाही.”

“अजिबात नाही?”

“अहो, ज्येष्ठता आहे तिथेच राहते. वरच्या पदाचं काम ज्यांना जमेल, त्यांना ते मिळतं. प्रधान तंत्रज्ञाला काय रोज खांबावर चढायचं असतं? कुणी सांगितलं तुम्हाला?”

“सगळे म्हणतात.”

“सगळे म्हणजे कोण?”

मला एकही नाव सांगता येईना. पाटसचा तो एक जण, त्याचं नाव तुम्हालाही माहीत नव्हतं. मी नंतर जुन्या माणसांकडे चौकशी केली. कुणी म्हणालं तो पाटसचा नव्हता, न्हावऱ्याचा होता. कुणी म्हणालं त्याने स्वतःच बढती नाकारली. कुणी म्हणालं तो दारू प्यायचा, म्हणून राहिली. असा माणूस कधी होता का, याचीच मला आता शंका येते. आणि आपण सगळे, रोज अकरा हजार व्होल्टच्या लाईनखाली काम करणारे, प्रत्येक तार स्वतः तपासल्याशिवाय तिला मेलेली न मानणारे, या एका गोष्टीला मात्र कुणीच हात लावून पाहिलं नाही. कार्यालयात जाऊन एक प्रश्न विचारायचा होता. मी ईदच्या दिवशी “कोण म्हणालं?” असं तुम्हाला विचारलं. दुसऱ्या दिवशी येऊन बाईंना विचारलं असतं, तर? तुम्ही मानलं असतंत का? तेही नक्की सांगता येत नाही. तुम्ही म्हणाला असता, “बाईंला काय म्हाईत?”

भाभींना हे मी सांगितलं नाही. चाळिसाव्याला त्यांनीच विषय काढला. “मास्तर, ह्येंचं नाव यंदाच्या यादीत हुतं का हो?” मी म्हणालो, “होतं, भाभी.” ते खरं होतं. बाकीचं मी गिळलं. त्या म्हणाल्या, “मग झालं तर.” आणि पदर डोळ्याला न लावता नुसत्या बसून राहिल्या.

रोज भीमेचा पूल ओलांडून दौंडला जातो. कॉम्प्युटर जमायला लागलाय. शिकवणारा मुलगा माझ्या पुतण्याएवढा आहे, चुकलो की हसत नाही, हे त्याचे उपकार. मग पोरांपुढे पहिल्यांदा उभा राहिलो. रूपाली पहिल्या रांगेत होती. मी परमिटचा नियम सांगितला आणि तुमचं नाव न घेता तुमचं सगळं सांगितलं. ती मान खाली घालून लिहीत होती. लिहिण्यासारखं मी काही बोलत नव्हतो.

काल यवतकडचे शंकरआप्पा उजळणीला आले. तुमच्या ओळखीचे. पंचावन्न पूर्ण. टोपी गुडघ्यावर ठेवून माझ्यासमोर बसले आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, “गुडघं एकदम ओके, साहेब. छाती ओके. बीपी बीपी काय न्हाई.”

मी म्हणालो, “आप्पा, मी गुडघ्याचं विचारलंच नाही.”

“न्हाई, आपलं आधीच सांगितलं.”

“चढता अजून?”

“चढतो की. का न चढायला?”

त्यांच्या खांबावरच्या कामाचे फोन माझ्या जागी आलेला नवा ऑपरेटर घेतो. आप्पांची धाप ऐकू येते का, हे मी त्याला विचारू शकलो असतो. विचारलं नाही. टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि जे तुम्हाला सांगायला हवं होतं ते सांगितलं. “आप्पा, चढवत नसेल तर लिहून दिल्याने बढती जात नाही. मी स्वतः विचारून आलोय. बाई त्या दाराच्या आत बसतात. आत्ता माझ्याबरोबर चला, तुमच्या कानाने ऐका.”

आप्पांनी टोपीची कड चाचपली. “खरं का?”

“चला.”

“नको. तुमच्यावर इस्वास हाय.”  मी थांबलो. पलीकडच्या माणसाची वाट बघत बसणं एवढंच काम मी नोकरीभर केलंय. “दोन वर्सं झाली, साहेब,” आप्पा म्हणाले. “चढताना काय वाटत न्हाई. वर गेलं की डोळ्यापुढं सगळं फिरतं. मग तिथंच तारेला धरून गप उभा ऱ्हातो. खालच्या पोरांना वाटतं, आप्पा काम करतोय.”

मी उठून खिडकीपाशी गेलो, माझं तोंड त्यांना दिसू नये म्हणून. आप्पा थांबले नाहीत. दोन वर्षांचं साठलेलं होतं, ते माझ्या पाठीमागे एकेक सांगत राहिले. घरी काय सांगतात, सोबत्यांना काय सांगतात. मी मागे वळून पाहिलं नाही. तो आवाज तुमचा आहे असं धरून ऐकत राहिलो. त्यातलं किती तुमचं होतं, ते सांगायला आता कुणी नाही.